यात्रेच्या दिवशी शेड मोकळं असतं

शिरोलीच्या एमआयडीसीत वीरेश मठपतीला ओळखत नाही असा माणूस कमी. डिग्री नसताना फाउंड्रीचा मॅनेजर झालेला माणूस म्हणून चहाच्या गाड्यांवर त्याचं नाव निघायचं. कबनुरात घरोघरी पोरांना त्याचं उदाहरण दिलं जायचं. आता त्याचं नाव निघालं की लोक विषय बदलतात. काही जण शिव्या घालतात. दोन्हीमागं कारण एकच आहे.

वीरेशचा बाप कबनुरात स्वतःचे यंत्रमाग चालवायचा. धंदा बसला तसे ते माग भंगारात गेले. टेम्पो भरत असताना बाप घराबाहेर आला नाही. वीरेशनंच एकेक सुटा भाग उचलून गाडीत टाकला. तेव्हा तो नुकताच बारावी झाला होता. त्या दिवशी त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ज्याचं लहान आहे त्याचं असंच होणार, आपण मोठ्याच्या बाजूला असायचं.

आईच्या ओळखीनं त्याला काम लागलं ते गुरुसिद्ध आण्णाकडं. गुरुसिद्ध निपाणीकडचा, पॅटर्नमेकर. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो पॅटर्न. एमआयडीसीच्या हद्दीला लागून गुरुसिद्धनं स्वतःची थोडी जागा घेऊन पत्र्याचं शेड घातलं होतं. त्याला पोरबाळ नव्हतं. बायको शिवम्मा रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि डब्यात वीरेशची भाकरी न सांगता वाढलेली असायची. गुरुसिद्धनं त्याला रंधा धरायला शिकवलं, ड्रॉइंग वाचायला शिकवलं. चुकलं की कन्नडमध्ये रागवायचा, जमलं की काहीच बोलायचा नाही.

शेजारच्या फाउंड्रीचे मालक धैर्यशील. वडिलांचा छोटा कारखाना त्यांनी हातात घेतला आणि बघता बघता वाढवला. माणूस बोलायला गोड होता आणि कामाला पक्का. ड्रॉइंगवर एक नजर टाकून अडचण सांगणारा हा पोरगा त्यांनी हेरला आणि आपल्याकडं घेतला. गुरुसिद्ध म्हणाला, "जा की. हितं राहून काय माझ्यागत म्हातारा होणार हाईस?"

वीरेश गेला आणि चढत गेला. आधी सुपरवायझर, मग शिफ्ट इन्चार्ज, मग मॅनेजर. त्याची आई शेवटच्या आजारात होती तेव्हा धैर्यशीलनी स्वतः गाडी चालवत तिला दवाखान्यात नेलं होतं. हे वीरेश कधी विसरला नाही. धैर्यशीलनीही त्याला विसरू दिलं नाही.

मग मोटारींच्या भागांची मोठी ऑर्डर आली. नवी भट्टी बसली, नवा हॉल उभा राहिला. अडचण एकच राहिली. लांबलचक ट्रेलर पुढच्या बोळातून वळत नव्हते. मागच्या बाजूनं गेट काढलं तर गाडी थेट हायवेला लागत होती, आणि त्या गेटच्या बरोबर आड गुरुसिद्धचं शेड होतं.

पहिल्यांदा बोलणं सरळच झालं. वीरेशच्याच केबिनमध्ये तिघं बसले होते.

"मी कुठं न्हाय म्हणतोय?" गुरुसिद्ध म्हणाला. "रस्त्याला लागून एवढीच जागा द्या, उद्या हालतो."

धैर्यशीलनी नाल्याकडची जागा दाखवली होती.

"तितं पावसाळ्यात पाणी येतंय. लाकूड फुगतंय. लाकूड फुगलं की पॅटर्न वाया गेला. तितं मी काय करू, मासं धरू?"

धैर्यशील हसले. आण्णाला दारापर्यंत सोडून आले. परत आल्यावर खुर्चीत बसत त्यांनी वीरेशकडं बघितलं. "तुझा माणूस आहे. तूच बघ. कागलचा प्लांट उभा राहील तेव्हा तो कुणाच्या हातात द्यायचा, हे माझं ठरलेलं आहे."

एवढंच बोलणं झालं. त्यात धमकी नव्हती, हुकूमही नव्हता. वीरेशला रात्रभर कागल दिसत राहिलं.

त्यानं पहिल्यांदा केलं ते अगदी साधं वाटण्यासारखं होतं. फाउंड्रीत वापरून जळलेली काळी वाळू रोज निघते. ती टाकायची जागा त्यानं बदलली. डंपर गुरुसिद्धच्या दारासमोर रिकामे व्हायला लागले. गुरुसिद्ध विचारायला आला तेव्हा वीरेश म्हणाला, "थोडे दिवस आण्णा, उचलतो." ढीग वाढत गेला. वारं सुटलं की शेडमध्ये काळी धूळ भरायची, म्हणून गुरुसिद्ध शटर अर्धं खाली ओढून काम करायला लागला.

त्यानंतर वीरेशनं ओळखीच्या फाउंड्र्यांत बोलता बोलता एक गोष्ट सोडून दिली. आण्णाचं आता होत नाही, डोळे गेलेत, माल वेळेवर मिळत नाही. खोटं होतं. पण सांगणारा आण्णाच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही. हळूहळू शेडमधल्या मशीनचा आवाज थांबला. शिवम्मा डबा घेऊन यायची आणि दोघं नवराबायको रिकाम्या टेबलावर बसून जेवायची. वीरेशच्या केबिनच्या खिडकीतून ते दिसायचं. त्यानं खिडकीला पडदा लावून घेतला.

त्याची बायको शांभवी एका शाळेत शिकवायची. तिनं एकदा विचारलंही, "आण्णांकडं गेला नाहीस बऱ्याच दिवसांत?"

"वेळ कुठं हाय?"

"पूर्वी होता."

तो जेवण अर्धं टाकून उठला. पुढं तिनं विचारलं नाही.

गुरुसिद्ध हलला नाही. ऑर्डर देणाऱ्या कंपनीचे लोक पाहणीला येणार होते आणि त्याआधी गेट व्हायला हवं होतं. तेव्हा पृथ्वीराज मध्ये आला. फाउंड्रीला भंगार पुरवणारा माणूस. गळ्यात साखळी, मागं पाचसहा पोरं. अडलेलं काम सोडवतो अशी त्याची ख्याती होती. चैत्र यात्रेच्या आधी तो वीरेशच्या केबिनमध्ये आला, पंख्याखाली बसला आणि पाणी प्याला.

"मॅनेजरसाहेब, पुनवेला कारखाना बंद ना?"

"बंद. सगळे जोतिबाला जात्यात."

"मागच्या बाजूच्या वॉचमनलाबी जाऊ द्या की. देवाला कुणाला आडवायचं न्हाय. आणि त्या बाजूचा कॅमेरा बिघडलाय म्हणं."

"न्हाय बिघडला."

"बिघडंल."

पृथ्वीराज उठता उठता म्हणाला, "यात्रेच्या दिवशी शेड मोकळं असतं. लाकूड आणि पत्रा. माणूस न्हाय, काय न्हाय. तुमी दर्शन घ्या."

काय करणार आहेस, असं वीरेशनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते त्याला नको होतं. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी त्यानं वॉचमनला सुट्टी दिली आणि कॅमेऱ्याची वायर स्वतःच्या हातानं काढली.

पौर्णिमेला तो शांभवीला घेऊन डोंगरावर गेला. मोटरसायकल डोंगराखाली केर्लीला लावून दोघं चालत वर चढली. देवळाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. निशाणं बांधलेल्या उंच सासनकाठ्या नाचत होत्या, गुलालानं आभाळ दिसत नव्हतं, चांगभलंच्या गजरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वीरेशनं हात जोडले, पण डोळे मिटले की त्याला पत्र्याचं शेड दिसायचं. मोकळं आहे, मोकळं आहे, असं तो मनाशी घोकत राहिला.

दर्शन घेऊन बाहेर आल्यावर नारळाच्या दुकानापाशी शिवम्मा भेटली. एकटीच होती. कपाळभर गुलाल, हातात प्रसादाची पिशवी. वीरेशला बघून तिचा चेहरा फुलला.

"किती वाळलाईस रं." तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

"आण्णा कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"त्येनी न्हाय आलं. किती दिवसांनी काम मिळालंय, जयसिंगपूरच्या एका पंपवाल्याचं. उद्या द्यायचंय म्हणं. देवाला म्हणावं पुढल्या वर्षी येतो, म्हणालं आणि सकाळीच शेडात गेलं."

वीरेशनं फोन काढला. आण्णाला लावला, लागला नाही. एवढ्या गर्दीत डोंगरावर कुणाचाच फोन नीट लागत नव्हता. पुन्हा लावला, वाजत राहिला. रंध्याचं मशीन चालू असलं की आण्णाला फोन ऐकू येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? वॉचमनला लावायला गेला आणि आठवलं, त्याला आपणच सोडलंय. पृथ्वीराजचा फोन बंद. धैर्यशीलना लावला. तो लागला.

"दादा, आण्णा शेडमध्ये हाय."

धैर्यशीलनी विचारलं, "तू कुठं आहेस?"

"डोंगरावर. त्याची बायको हितं भेटली. पृथ्वीराजला थांबवा, त्याचा फोन लागंना."

"कशापासून थांबवू?"

"दादा."

"मला काही माहीत नाही, वीरेश. तुलाही काही माहीत नाही. तू डोंगरावर आहेस. तिथंच राहा. महाप्रसाद घे."

फोन बंद झाला. आवाज नेहमीसारखाच होता, आईला दवाखान्यात नेताना होता तसाच.

शांभवी त्याच्याकडं बघत होती. तिनं त्याचं मनगट धरून त्याला शिवम्मापासून बाजूला ओढलं. "काय झालंय? खरं सांग."

"आण्णाचं शेड पेटवणार हायत. आज. मला म्हाईत होतं."

तिनं मनगट सोडलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते वीरेशनं आधी कधी बघितलं नव्हतं. पण ती बोलली तेव्हा आवाज स्थिर होता. "तू पळ. मी इथं बघते."

तो पळाला. सगळी यात्रा वर चढत होती आणि तो एकटा खाली उतरत होता. लोकांना ढकलत, सासनकाठीच्या दोऱ्यांत अडखळत, शिव्या खात. एकानं त्याला धरून विचारलं, "पाकीट मारलंस काय रं?" वीरेशनं हात हिसडला आणि पुढं झाला.

वर शांभवी बंदोबस्तावरच्या हवालदारापाशी गेली. "शिरोलीत आग लागणार आहे. वायरलेसवरून सांगा. आत माणूस आहे."

हवालदारानं तिला खालपासून वर बघितलं. "लागलीय का लागणार हाय?"

"लागणार आहे."

"तुमाला कसं म्हाईत?"

"ते मी नंतर सांगते. आधी कळवा. माझं नाव लिहून घ्या, पत्ता लिहून घ्या, मला इथंच बसवून ठेवा. पण आधी कळवा."

तिच्या मागं उभ्या असलेल्या शिवम्माच्या हातातली पिशवी खाली पडली. तिनं सगळं ऐकलं होतं.

वीरेशनं केर्लीतून गाडी काढली आणि भुये, शियेच्या रस्त्यानं निघाला. रस्त्यावर ट्रॅक्टर, बैलगाड्या, नाचत जाणारी पोरं. हॉर्नवरचा अंगठा त्यानं उचलला नाही. शियेच्या पुढं मोकळा रस्ता लागला आणि त्याला समोर धूर दिसला. भट्टीचा धूर कसा असतो हे त्याला कळत होतं. शिवाय भट्ट्या आज बंद होत्या. हा धूर काळा होता, जाड होता आणि एकाच जागी उभा होता.

अग्निशमनची गाडी त्याच्या पाठोपाठच पोचली, पण शेडपर्यंत जाऊ शकली नाही. वाट वाळूच्या ढिगानं बंद होती. जवान लांबून पाइप ओढायला लागले. मागची लाकडाची चवड धडधडून जळत होती आणि पत्रे तडतडत होते. वीरेश ढिगावर चढला. पाय गुडघ्यापर्यंत वाळूत रुतत होते. ढीग ओलांडून तो अर्ध्या शटरखालून आत सरपटला.

आत धुरात काही दिसत नव्हतं. मशीन अजून चालू होतं. त्या आवाजाच्या दिशेनं तो जमिनीलगत पुढं गेला आणि त्याच्या हाताला पाय लागला. गुरुसिद्ध पडला होता. जयसिंगपूरचा पॅटर्न वाचवायला तो मागं गेला असावा, पेटता पॅटर्न त्यानं छातीशी धरला होता. वीरेशनं तो ओढून बाजूला फेकला आणि काखेत हात घालून आण्णाला शटरपर्यंत फरफटत आणलं. वरून पत्रा सुटला आणि त्याच्या पाठीवर आला. पुढचं त्याला आठवत नाही. जवानांनी दोघांना ओढून बाहेर काढलं.

गुरुसिद्ध वाचला. पण दोन्ही हात भाजले होते आणि उजव्या हाताची बोटं पुढं कधी उघडली नाहीत.

पाठ भाजल्यानं वीरेश पालथा पडून होता तेव्हा धैर्यशील दवाखान्यात आले. सोबत फळं होती. खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"जिवावर उदार होऊन माणूस वाचवलास तू. उद्या पेपरात येईल, मॅनेजरनं जीव धोक्यात घातला. शॉर्टसर्किट झालं, जुनी वायरिंग होती. आण्णाचा सगळा इलाज माझ्याकडं. त्याला रस्त्याला लागून जागा देतो, त्यानं मागितली होती तशी. आणि कागलला तू नुसता मॅनेजर नाहीस, डायरेक्टर. सगळ्यांचं भलं होतंय, वीरेश. पोलीस येतील तेव्हा एवढंच सांगायचं."

लोक म्हणतात वीरेशनं लगेच नकार दिला. तसं झालं नाही. तो विचार करत होता. आण्णाला जागा मिळणार होती. कारखान्यातल्या शेकडो घरांची चूल चालू राहणार होती. खरं बोलून आण्णाची बोटं सरळ होणार नव्हती. धैर्यशीलचं प्रत्येक वाक्य पटण्यासारखं होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

शांभवी खिडकीपाशी उभी होती. धैर्यशील गेल्यावर ती म्हणाली, "हवालदारानं माझा जबाब घेतलाय. आग लागायच्या आधी मला कसं कळलं, ते विचारलं."

"काय सांगितलंस?"

"नवऱ्यानं सांगितलं, असं सांगितलं. नवऱ्याला कसं कळलं, ते नवरा सांगेल."

दुपारी पोलीस आले. वीरेशनं सुरुवात केली ती वाळूपासून. मग फाउंड्र्यांत पसरवलेली अफवा, मग वॉचमन, मग कॅमेऱ्याची वायर. स्वतःचं आधी सांगितलं, पृथ्वीराजचं आणि धैर्यशीलचं नंतर. जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यानं मध्येच लिहायचं थांबवून विचारलं, "तुम्ही स्वतःला अडकवताय, कळतंय ना?"

"व्हय," वीरेश म्हणाला. "लिवा."

दवाखान्यातून त्याला थेट अटक झाली. जामीन मिळेपर्यंत काही महिने तो कळंब्याच्या तुरुंगात होता. पृथ्वीराज आणि त्याची दोन पोरं आत गेली. धैर्यशीलना अटकेआधीच जामीन मिळाला. चौकशीच्या बातम्या छापून आल्यावर ऑर्डर देणारी कंपनी मागं सरली आणि नवा हॉल बंद पडला. बरीच पोरं कामावरून कमी झाली. त्यांतल्या एकानं इचलकरंजीच्या बाजारात वीरेशची गचांडी धरली. "तुझ्या पापापायी आमी का उपाशी मरायचं?" वीरेशनं हात सोडवून घेतला नाही. पोरगाच शेवटी दमून सोडून गेला.

आता वीरेश कबनुरात दुसऱ्याच्या मागावर कामाला जातो. शांभवी त्याच्याबरोबर राहते, पण पहिल्यासारखं बोलत नाही. गुरुसिद्ध आणि शिवम्मा जयसिंगपूरला भाड्याच्या खोलीत आहेत. तिथल्या पंपवाल्यानं गुरुसिद्धला बसायला जागा दिलीय. तो पोरांना ड्रॉइंग समजावून सांगतो, लाकूड ती पोरं कापतात.

सरकारी वकिलांनी वीरेशला सुचवलं, माफीचा साक्षीदार हो, नाहीतर मालकापर्यंत पोचायला पुरावा नाही. म्हणजे वीरेश सुटणार होता. ते त्याला नको होतं. जामिनाच्या अटीत आण्णाच्या दारात जायची मनाई होती, म्हणून त्यानं वकिलांकडूनच विचारणा केली. गुरुसिद्धनं उत्तर पाठवलं, "त्यो सुटावा म्हणून न्हाय सांगत. पण त्यो बोलला न्हाय तर मालक सुटतोय. म्हणून बोल म्हणावं."

साक्षीच्या दिवशी कोर्टात धैर्यशील पांढऱ्या शर्टात पुढच्या बाकावर होते. गुरुसिद्ध आणि शिवम्मा शेवटच्या बाकावर. वीरेशनं सकाळपासून सगळं सांगितलं. दुपारनंतर धैर्यशीलचे वकील उलटतपासणीला उभे राहिले. त्यांनी त्याला घाई केली नाही.

"तुम्ही सांगता की तुम्हाला पश्चात्ताप झाला म्हणून खरं बोललात."

"मी तसं म्हणालो न्हाय."

"बरं. मग एक सांगा. गुरुसिद्ध त्या दिवशी शेडमध्ये नसते, यात्रेला गेले असते, शेड मोकळंच जळलं असतं, तर तुम्ही पोलिसांकडं गेला असता?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. वीरेशनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. त्याला खोटं बोलणं सोपं होतं आणि केसला तेच बरं होतं.

"न्हाय," तो म्हणाला. "गेलो नसतो. कागलला गेलो असतो."

न्यायाधीशांनी उत्तर टाइप करायला सांगितलं. धैर्यशीलच्या वकिलांना हवं ते मिळालं होतं, ते खाली बसले. शेवटच्या बाकावर गुरुसिद्ध शिवम्माच्या कानात काहीतरी म्हणाला. तिनं मान हलवली. मग त्याचा बोटं आखडलेला हात धरून तिनं त्याला उठवलं आणि दोघं बाहेर गेली. वीरेश पिंजऱ्यातून उतरून बाहेर आला तेव्हा व्हरांड्यात कुणी नव्हतं.

निकाल अजून लागायचा आहे. धैर्यशीलनी कागलची जागा दुसऱ्याला विकली असं म्हणतात. मागचं गेट झालंच नाही, बाकीच्या मालाचे ट्रेलर अजून पुढच्या बोळातून पाठीमागं घेत घेत आत जातात आणि सकाळसंध्याकाळ तो रस्ता तुंबतो. तिथं अडकलेली माणसं हॉर्न वाजवत वीरेशच्या नावानं बोटं मोडतात, आणि तो त्या वेळी कबनुरात तुटलेला धागा जोडत उभा असतो.